लहान बोट, लांबचा प्रवास

आपल्या बेटावरील मराठी माणसाचे समुद्राशी असलेले नाते मोठे चमत्कारिक आहे. चारी बाजूंना पाणी आहे. सुट्टीच्या दिवशी आपण मुलाबाळांना घेऊन किनाऱ्यावर जातो, गणेशचतुर्थीला मूर्ती घेऊन त्याच पाण्यात उतरतो. परंतु किनाऱ्याभोवती प्रवाळाची जी भिंत आहे, तिच्यापलीकडे बोटीने गेलेली माणसे आपल्यांत फार थोडी. आपले बहुतेक वाडवडील उसाच्या शेतात राबले आणि त्यांची पाठ समुद्राकडेच राहिली. घराघरांतून त्यांच्या कष्टांच्या गोष्टी सांगितल्या जातात. मात्र त्या गोष्टी पोर्ट लुईच्या धक्क्यापासून सुरू होतात. त्याआधीच्या प्रवासाविषयी कोणी काही बोलत नाही, कारण सांगणारांनाच तो आठवावासा वाटत नसावा.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी 'ॲटलस' नावाच्या जहाजातून छत्तीस मजूर येथे आले, हे आपल्या शाळकरी मुलांनाही पाठ असते. त्यानंतरच्या पाऊण शतकाहून अधिक काळात साडेचार लाखांच्या आसपास माणसे करारावर अंगठा उठवून या बेटावर उतरली. ज्या आगारात त्यांची नोंद होई, तो आप्रवासी घाट २००६ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केला. त्याच्या सोळा पायऱ्यांवर दर वर्षी फुले वाहिली जातात. त्या पायऱ्यांपाशी उभे असताना माझ्या मनात अनेक वर्षे एक विचार येत असे. पायऱ्या आपण जपल्या, हे योग्यच झाले. पण खालचे पाणी, जे त्या लोकांनी आठवडेच्या आठवडे पाहिले, ते आपल्यापैकी किती जणांनी पाहिले आहे?

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जतन करून ठेवल्या आहेत. तेथून मी माझ्या पणजोबांच्या नोंदीचा उतारा मिळविला. नाव, बापाचे नाव, वय, उंची, डाव्या कोपरावरील व्रण, निघाल्याचे बंदर मुंबई, जिल्हा रत्नागिरी. गावाचे नाव कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे इंग्रजीत लिहिलेले, त्यामुळे ते गाव नेमके कोणते याचा उलगडा होत नाही. त्या कागदावर रकाने पुष्कळ आहेत. त्या माणसाला कोठे जावयाचे होते, कोणत्या जहाजाने आणि किती दिवसांसाठी, हे विचारणारा रकाना मात्र त्यात नाही.

शाळेतील नोकरीतून निवृत्त झाल्यावर मुंबईस जाण्याचा बेत मी केला, तेव्हा तो कागद माझ्यासमोर होता. विमानाने गेल्यास पोर्ट लुईहून मुंबई सुमारे सहा तासांची वाट आहे. घरची सगळी मंडळी विमानाच्याच बाजूची होती. पुतण्या म्हणाला, "आत्या, सहा तासांत पोचाल. अठरा रात्री समुद्रावर कशाला काढायच्या? आणि त्याही एकटीनं?" त्याचे म्हणणे व्यवहाराला धरून होते. बोटीचे भाडे विमानाच्या भाड्याच्या अनेकपट होते, आणि एका शिक्षिकेच्या शिल्लकीतून एवढी रक्कम आपल्या हौसेसाठी काढावी काय, हा प्रश्न मलाही बरेच दिवस छळत होता. शेवटी मी असे ठरविले की, ही हौस नसून एक राहिलेला हिशेब आहे. ज्या अंतराने आपले घराणे दुभंगले, ते अंतर एकदा पाण्यावरून मोजून पाहावे. पणजोबांना जे विचारले गेले नाही, ते सर्व मी स्वतःला विचारावे: कोणती बोट, कोणता मार्ग, किती दिवस, आणि परत यावयाचे की नाही.

एके काळी आपल्या बंदरातून जावयाचे म्हणजे आगबोटीनेच जावयाचे. फ्रेंच मेसाझरी मारितीम कंपनीच्या 'पिएर लोती', 'फेर्दिनां द लेसेप्स' या बोटींची नावे वयस्क वाचकांना आठवत असतील. विलायतेस शिकावयास गेलेली आपली कित्येक मुले अशाच बोटींनी गेली. १९७० च्या सुमारास त्या नियमित बोटी बंद झाल्या आणि समुद्रप्रवास हा गरजेचा विषय न राहता सहलीचा झाला. सहलीच्या बोटीही दिवसेंदिवस अवाढव्य होत गेल्या. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीस निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या बोटीवर साडेसात हजारांपर्यंत प्रवासी मावतात. आपल्याकडील एखादे मोठे गाव पाण्यावर तरंगत ठेवावे, असाच तो प्रकार आहे.

माझ्यापुढे दोन बोटींचा पर्याय होता. एक मोठी, सुमारे दोन हजार प्रवाशांची; तिचे रोजचे भाडे कमी. दुसरी लहान, दोनशेच्या आत प्रवासी नेणारी. ती केपटाऊनहून येऊन सेशेल्स, मालदीव, कोची आणि मार्मागोवा या वाटेने मुंबईस जाणार होती. मी लहान बोट निवडली, आणि ती का, हे सविस्तर सांगणे आवश्यक आहे. कारण असा विचार करणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग होईल.

मोठ्या बोटीवर नाटकगृहे असतात, दुकाने असतात, पोहण्याचे तलाव असतात. समुद्र मात्र दहा-बारा मजले खाली राहतो. ती फारशी हलत नाही, हा तिचा मोठा गुण होय. लहान बोटीवर करमणूक बेताची, वाचनालय एका खोलीचे, डॉक्टर एकच. लाटा उठल्या की ती हलते आणि ते प्रत्येकाला कळते. परंतु डेकवरून पाणी हाकेच्या अंतरावर असते. जेथे मोठ्या बोटीला जागा नाही अशा बेटांजवळ ती नांगर टाकू शकते आणि प्रवाशांना होड्यांतून किनाऱ्यावर पोचविते. चार दिवसांत प्रवासी एकमेकांना ओळखू लागतात, आणि कप्तान वाटेत भेटला तर त्याला नकाशावरील जागा विचारता येते. मला समुद्रच पाहावयाचा असल्यामुळे हलणाऱ्या बोटीचा त्रास पत्करणे भाग होते.

तो त्रास आपल्याला झेपेल की नाही, याची परीक्षा आधीच घ्यावी म्हणून मी 'मॉरिशस ट्रॉशेशिया'ने रॉड्रिग्जला जाऊन आले. जाताना व्यापारी वाऱ्याविरुद्ध जावे लागते आणि दीड दिवस लागतो. तेवढ्यात आपले पोट कसे आहे हे चांगले समजते. तेथे मी शिकले ते असे: खोली बोटीच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी, कारण झोक्याच्या दोरीप्रमाणे बोटीचीही टोके अधिक हलतात. बोट लागली तर आत पडून राहू नये. उघड्यावर बसून क्षितिजाकडे पाहावे, कोरडा पाव खावा, आले चघळावे.

दुसरा विचार ऋतूचा. आपल्याकडे तुफानांचा काळ नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत असतो; अरबी समुद्रात जूनपासून सप्टेंबरपर्यंत नैर्ऋत्य मोसमी वारे वाहतात, आणि म्हणूनच कोकणात नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. या दोहोंच्या मधला काळ गाठावा लागतो. माझी बोट एप्रिलच्या उत्तरार्धात निघाली. आपल्याकडील तुफानांचा जोर तेव्हा ओसरलेला असतो आणि तिकडचा पावसाळा अजून दूर असतो.

तिसरा विचार पैशाचा. छापील भाडे हे एका खोलीत दोघे राहतील असे धरून दरडोई लिहिलेले असते. एकट्या प्रवाशाला त्यावर अधिक आकार द्यावा लागतो आणि तो कधी कधी दुपटीपर्यंत जातो. काही लहान बोटींवर एकट्यासाठी मोजक्या खोल्या राखलेल्या असतात. त्या लवकर भरतात, म्हणून वर्षभर आधी चौकशी करावी. विमा उतरविताना, भर समुद्रात आजारी पडल्यास माणसाला किनाऱ्यावरील रुग्णालयात हलविण्याचा खर्च त्यात धरला आहे काय, हे पाहून घ्यावे. माझ्या वयाच्या माणसाने तर ते पाहिल्याशिवाय सही करूच नये.

सहीचा विषय निघाला म्हणून सांगते. बोटीच्या कंपनीचा करार बारा पानांचा होता. तो मी दोन संध्याकाळी बसून शब्दशः वाचला. हवामानामुळे एखादे बंदर वगळण्याचा अधिकार कप्तानाला होता. बंदराचे कर भाड्यात धरले होते. प्रवास रद्द केल्यास किती पैसे परत मिळतील याची कोष्टके होती. जे समजले नाही ते मी पत्राने विचारले आणि लेखी उत्तर मागितले. शेवटच्या पानावर नाव लिहिताना मोक्याच्या त्या उताऱ्याची आठवण झाली नसती तरच नवल. पणजोबांचाही एक करार होता. तो त्यांना वाचता येत नव्हता, आणि वाचून दाखविणाऱ्याने काय वाचले असेल हे देव जाणे. स्वतंत्र प्रवासी हा शब्द आपण सहज वापरतो. माझ्या मते स्वतंत्र तोच, ज्याला आपला करार वाचता येतो आणि नको असल्यास तो परत करता येतो.

बोट दुपारी सुटली आणि उत्तरेकडे वळली. उजव्या हातास प्रथम कुआं द मीर आणि त्याच्यामागे सपाट बेट व गॅब्रिएल बेट दिसू लागले. सहलीला जाणाऱ्यांना ती बेटे पांढऱ्या वाळूसाठी ठाऊक आहेत. १८५६ साली भारतातून आलेल्या जहाजांवर पटकीची लागण झाल्याच्या कारणाने मजुरांना गॅब्रिएल बेटावर उतरवून ठेवले होते, आणि त्यांतील अनेकांना समोर दिसणाऱ्या मॉरिशसच्या किनाऱ्यावर कधीच पाऊल ठेवता आले नाही. माझे सहप्रवासी त्या बेटांची छायाचित्रे घेत होते. मी शेजारच्या एका इंग्रज दांपत्याला ही हकीकत सांगितली. त्यांनी छायाचित्रयंत्र खाली ठेवले आणि बराच वेळ ते कठड्याशी उभे राहिले.

तीन दिवस, तीन रात्री जमीन दिसली नाही. पहिले दोन दिवस बोट थोडी लागली, मग शरीराने तोल धरला. पहाटे डेकवर उडते मासे पडलेले दिसत. त्यानंतर सेशेल्स, आणि पुढे मालदीवपर्यंत पुन्हा चार दिवस पाणी. त्या टापूत आम्ही विषुववृत्त ओलांडले. वारा पडला होता आणि समुद्र तेल ओतल्यासारखा गुळगुळीत झाला होता. इंजिनाच्या बोटीला त्याचे काहीच नाही. पण शिडाच्या जहाजांना याच पट्ट्यात वाऱ्याची वाट पाहात ताटकळावे लागे, आणि पिपांतले पाणी मात्र रोज कमी होत असे. घड्याळाचा काटा आम्ही मालदीवला एक तास आणि भारताजवळ आणखी अर्धा तास पुढे केला. मॉरिशस आणि मुंबई यांच्या वेळेत फरक केवळ दीड तासाचा आहे. विमानात तो क्षणार्धात मिटतो. मला तो चुकता करावयास दोन आठवडे लागले, आणि 'दूर' या शब्दाचा अर्थ प्रथमच समजला.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली पाहिजे. मी पणजोबांचा प्रवास केला, असे मी म्हणणार नाही. मला पलंग होता, स्नानाला गरम पाणी होते, रोज ताजा भात होता. त्यांच्याबरोबर मला सारखे पाहता आले ते फक्त पाणी आणि आकाश. तेवढ्याने त्यांचे दुःख कळले असे समजणे हा त्यांचा अपमान ठरेल. अंतर किती मोठे होते एवढेच मला कळले, आणि ते ओलांडून आल्यावर त्यांनी येथे पुन्हा घर मांडले, सण मांडले, झाकरीचा फेर धरला, याचे आश्चर्य पूर्वीपेक्षा वाढले.

बंदरांत मी बोटीच्या सहलींबरोबर गेले नाही. माहे बेटावर व्हिक्टोरियाच्या बाजारात एकटीच हिंडले. तेथील क्रेओल आपल्या क्रेओलीच्या इतकी जवळची की, मासळीवालीने मला परकी मानलेच नाही. गावातच तमिळ मंडळींनी १९९२ साली बांधलेले विनायकाचे देऊळ आहे. त्याच्या दारात मी हात जोडले. ला दिग बेटापाशी बोटीने नांगर टाकला आणि आम्ही होड्यांतून उतरलो. असे एकट्याने हिंडताना एक नियम ध्यानी ठेवावा. बोटीच्या स्वतःच्या सहलीस गेलेल्यांना उशीर झाला तर बोट थांबते. आपल्या जबाबदारीवर गेलेल्यासाठी ती थांबत नाही. म्हणून घड्याळ बोटीच्या वेळेप्रमाणे लावावे, बंदरातील कंपनीच्या प्रतिनिधीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून जवळ ठेवावा, आणि सांगितलेल्या वेळेआधी तासभर परत यावे.

बंदरातील वेळाचे सोने कसे करावे याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. १९०१ च्या ऑक्टोबरअखेर गांधीजी 'नौशेरा' या बोटीने दर्बानहून भारतास निघाले असता ती पोर्ट लुईस थांबली. सुमारे तीन आठवडे त्यांना येथे मिळाले. ते लोकांना भेटले, त्यांची स्थिती पाहिली, आणि मुलांना शिक्षण द्या असे त्यांना सांगितले. वाटेतल्या मुक्कामाला त्यांनी खोळंबा मानले असते, तर आपल्या समाजाचे केवढे नुकसान झाले असते!

आमच्या खोल्यांची व्यवस्था पाहणारा एक तरुण गुहागरकडचा होता. माझी मराठी ऐकून तो हसला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही अगदी माझ्या पणजीसारखं बोलता. आगबोट म्हणणारं माणूस मी लहानपणी शेवटचं ऐकलं." त्याचाही करार होता, नऊ महिन्यांचा. करार संपला की घरी जाण्याचे भाडे कोण देते, असे मी विचारले. "कंपनी देते, मावशी. कायदाच आहे तसा," तो म्हणाला. पुढे मी शोध घेतला. २००६ साली झालेला आणि २०१३ पासून अमलात आलेला एक आंतरराष्ट्रीय सागरी श्रम करार आहे. त्याने खलाशाला स्वतःच्या खर्चाविना घरी परतण्याचा हक्क दिला आहे. आपल्या मजुरांनाही प्रारंभी परतीचे भाडे मिळण्याची सोय होती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ती काढून घेण्यात आली. गुहागरच्या त्या मुलाच्या घरी दर वर्षी तीन महिने मुलगा असतो. आमच्या घराण्यात त्या गेलेल्या माणसाची वाट पाहणारे कोणी कोकणात होते काय, आणि त्यांनी किती वर्षे वाट पाहिली, हे विचारण्यास आता कोणी उरलेले नाही.

मार्मागोव्याहून रात्री निघाल्यावर त्या तरुणाने मला पहाटे उठविले. उजव्या बाजूला काळोखात एक दिवा ठराविक अंतराने उघडझाप करीत होता. "मावशी, रत्नागिरी," एवढेच तो म्हणाला आणि कामाला निघून गेला. उजाडल्यावर किनाऱ्याची धूसर रेघ दिसली आणि काही वेळाने धुक्यात विरली. पणजोबांनी हीच रेघ कदाचित पाहिली असेल, कदाचित नसेलही. मुंबईहून निघालेले जहाज किनाऱ्यापासून किती दूरवरून जाई, कोण जाणे.

मुंबईहून मी रत्नागिरीस जाऊन आले. उताऱ्यावरील गावाच्या नावाशी जुळणारी दोन गावे तेथील मंडळींनी सांगितली. दोन्ही पाहिली; दोहोंतील कोणते आमचे, हे ठरविता आले नाही. मग ठरल्या दिवशी विमानाने सहा तासांत घरी आले. परतीचे तिकीट मी निघण्यापूर्वीच काढून ठेवले होते, आणि खरे सांगावयाचे तर साऱ्या प्रवासात त्या एका कागदाचा मला सर्वांत अधिक आधार वाटला.

२०२४ च्या मार्चमध्ये भारताच्या राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू येथे आल्या असता, सातव्या पिढीपर्यंतच्या भारतीय वंशाच्या मॉरिशसवासीयांनाही भारताचे परदेशस्थ नागरिकत्व घेता येईल असे त्यांनी जाहीर केले. आपल्या अनेक तरुणांना आता तिकडे जाण्याची वाट सोपी झाली आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी विमानाने जावे. ज्यांच्याजवळ थोडा वेळ आणि थोडी शिल्लक असेल, त्यांनी आयुष्यात एकदा तरी लहान बोटीने लांबचा प्रवास करावा. त्याआधी मोक्यास जाऊन आपल्या घराण्याचा उतारा काढावा, रॉड्रिग्जपर्यंत जाऊन आपले पोट पारखावे, आणि करार अखेरच्या ओळीपर्यंत वाचावा. पुतण्याने परवा मला विचारले की, ती बोट पुढल्या वर्षी पुन्हा येणार आहे काय. मी त्याला कंपनीचा पत्ता दिला आणि रॉड्रिग्जच्या बोटीचे वेळापत्रकही दिले.